तडी

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं,
दस्तगीर मिस्त्रीनं ओम्नीची सीट उचलली
आणि इंजिनाला कान दिला.

पळताना बरी असते. थांबली की थरथरते,
आरसा हलतो, आरशातली शाळेची पोरं हलतात,
अशोकनगरच्या वळणाला तर बंदच पडते...
मी बोलत राहिलो. तो म्हणाला, 'तडी.'

कानडीत थांब. माझ्या भाषेत काठ.
मी काठाला उभा राहिलो.

त्यानं एकेक प्लगची टोपी काढून बघितली.
पहिली काढली, इंजिन बसलं. दुसरी, तसंच.
तिसरी काढली तरी फरक नाही.
'ह्यो घरात हाय, पण कामाला जात न्हाई.'
नवा प्लग घातला. तरी तेच.

मग सिरिंजमधून पेट्रोलचा एक थेंब
तिसऱ्याजवळच्या नळीच्या सांध्यावर,
आणि आरसा थांबला.
क्षणभरच. त्यात वखारीवरची पाटी, उलटी,
कुठल्या लिपीतली ते कळलं नाही.

'हवा खातीया,' दस्तगीर हसला.
बोटभर रबरी नळी, मानेशी चिरलेली.
आधीच्या मिस्त्रीनं स्क्रू पिळून
आवाज तेवढा वाढवून ठेवला होता
आणि आम्हाला वाटलं, सुधारली.

नळी बदलली. स्क्रू मागं घेतला,
अर्धा फेरा, मग पाव, मग नखभर.
आता पलीकडच्या टपरीवर
कोण चहा ढवळतंय तेही ऐकू येतं.

किती झाले, मी विचारलं.
त्याचा कान अजून तिथंच.
'तडी.'