विनीची जीभ

फेब्रुवारीतल्या तापात विनीची चव गेली ती गेलीच.
डॉक्टर म्हणाले, येईलही.
तो 'ही' घेऊन आम्ही दोघी बहिणी
जुलै सरता सरता न्यूफाउंडलंडच्या बोटीतून उतरलो,
बोटीच्या पोटात आमची गाडी:
दोन गाद्या, एक शेगडी
आणि प्रत्येक वळणावर आपोआप उघडणारा चमच्यांचा खण.

करार असा की ती चालवणार, मी चाखणार,
आणि चाखलेलं तिला शब्दांत वाढणार.
एकही घास लपवायचा नाही.

पहिली न्याहारी पेट्रोल पंपाला चिकटलेल्या खानावळीत.
डुकराच्या चरबीत तळलेल्या कणकेच्या चकत्या, वर काळी काकवी.
"गोड," मी म्हटलं.
"गोड काय, साखरही असते,"
तिने काट्याने माझी बशी ठोकली.
मग मी डोळे मिटले:
आधी मीठ. मग लोणी नाही, लोण्याचा आडदांड चुलतभाऊ.
मग काकवी, शेवटाला कडसर, लोखंडी,
बाबांच्या ट्रॅक्टरची किल्ली चोखायचो ना,
तशी.
विनीने माझ्याही बशीतली एक उचलली.
भूक काही तिची गेलेली नव्हती.

पुढच्या गावात कॉडच्या जिभा.
जीभ नव्हेच ती, घशाखालचं लिबलिबीत मांस,
तळणाऱ्या फिलोमीना पार्डीने सांगितलं,
कपात डब्याचं घट्ट दूध ओतता ओतता.
विनी म्हणाली, डझनभर द्या,
एखादी लागू पडेल.
फिलोमीनाला काही कळलं नाही,
तिने तेरा दिल्या.

असे नऊ दिवस.
भिजवलेला कडक पाव, खारवलेला मासा,
वर चरबीचे कुरकुरीत तुकडे;
स्प्रूसच्या कोंबांची बिअर, जिला मी म्हटलं
पाऊस पडून गेलेलं लाकडाचं कपाट.
दहाव्या दिवशी धुकं इतकं दाट
की रस्त्यावरचा मूस आधी हॉर्नला दिसला, मग आम्हाला,
आणि रात्री मी म्हटलं, "मासा. माशासारखा."
ती गप्प.
मग अंधारात वरच्या गादीवरून:
"आणि आईने मुरंबा कधी जाळलाच नव्हता.
काल तू उगाच घातलास."
खरं होतं.
शब्द कमी पडले की मी आई घालत होते.

वायव्येच्या रस्त्याला लोक खंदकाच्या कडेला बटाटे लावतात,
घरापासून मैलभर लांब, भोवती काठ्यांचं कुंपण.
तिथेच एका फळीवर बरण्या मांडून
ॲम्ब्रोज कीपिंग बसला होता,
दलदलीतल्या डासांनी कान सुजलेले.
बेकॲपल, तो म्हणाला.
भाजलेलं नाही, सफरचंदही नाही,
गुडघाभर चिखलात एका देठाला एकच लागणारं
पिवळं-केशरी फळ.
गेल्या वर्षीचा जाम, यंदाचं अजून पिकायचंय.
सुरीच्या टोकावर एकेक बोंडाएवढा दिला.

मी जिभेवर शब्द जुळवत होते,
मध, जर्दाळू, ओली लोकर,
तर विनीने हात वर केला. थांब.
तिचा जबडा हळूहळू हलत होता.
"कचकचतंय," ती म्हणाली.

"बिया हो," ॲम्ब्रोज ओशाळला, "गाळल्या नाहीत.
बायकोला जमायचं ते."
"गाळू नका," विनी म्हणाली,
"कधीच गाळू नका,"
आणि सहा बरण्या घेतल्या,
सुट्टे पैसे परत न मागता, जे तिच्या स्वभावात नाही.

आता गाडी मी चालवते.
ती शेजारी बरणी मांडीवर घेऊन,
दातांखाली एकेक बी फोडत,
काचेबाहेर बघत.
वळणावर खण उघडतो, चमचे खणखणतात,
कुणीच बंद करत नाही.

मी तिला सांगितलेलं नाही
की जाम थोडा आंबलाय.