सुटं टोक

हसमुखभाई गाठ मारण्याआधी विचारतात,
बेन, घड्याळ काढलं ना?
मग बांगड्या, मग अंगठी.
अंगठी निघत नाही.
राहू द्या, म्हणतात,
लग्न झालेल्यांना पण ओलीस धरतात.

एकतीस वर्षं त्यांनी कापसाच्या गासड्या बांधल्या.
गिरणी गेली, हात राहिले.
आता मालिकांमध्ये माणसं बांधतात,
रोजाने.

मी ओलीस नंबर चार.
दांडिया बाजारातल्या आमच्या नाट्यमंडळात
मी एकदा राणी होते, दोनदा न्यायाधीश.
इथे मला वाक्य नाही.
तोंडावर पट्टी आहे, आणि पट्टीच्या आत
सकाळच्या सेव-उसळीचा ढेकर,
ज्याला तीन तास कुठेच जाता येत नाही.

गोरव्याकडचा बंद काचकारखाना, मे महिना.
पंखे आहेत, पण त्यांचा आवाज माईकला चालत नाही.
पाणी मी दहा वाजताच बंद केलं,
कारण सोडून परत बांधायला वीस मिनिटं लागतात
आणि सगळे घड्याळाकडे बघतात.

मावशी, घाबरा, असं दिग्दर्शक म्हणतो.
घाबरते.
आता डोळ्यांनी.
आता अंगाने, जरा झटापट करा दोरीशी,
फक्त खुर्ची हलवू नका,
खाली खडूची खूण आहे.

पहिल्या दिवशीच हसमुखभाईंनी
माझ्या मुठीत दोरीचं एक टोक सारलं होतं.
हे ओढलंत की सगळं सुटेल.
जीव घाबरला तर ओढा.
खरा जीव.

तर अवघड काय असतं ते सांगते.
बांधून बसणं नव्हे. ते जमतं, मुंग्या येतात,
मग मुंग्याही कंटाळतात.
अवघड हे, की सुटणाऱ्या दोरीशी झुंजायचं
आणि सुटायचं नाही.
खांद्यापासून सगळा जोर खाली आणायचा
आणि मनगटाशी त्याला म्हणायचं, बस, इथवर.
असं एका दुपारी सतरा वेळा.
सतराव्यांदा दिवा फुटला म्हणून अठरा.

नंबर एकच्या दोरीला आतून मखमल आहे.
मला आधी राग होता.
मग जेवणाच्या सुट्टीत ईप्सिताने साडी सैल केली
आणि आतला कमरेचा पट्टा दाखवला, दोन मणके सरकलेले.
अकरावा दिवस, रोज चौदा तास.
पुढच्या आठवड्यात मला मारणारेत, म्हणाली,
मग पाठ टेकता येईल.
आणि माझी बोटं घेऊन चोळत बसली, भात गार होईपर्यंत.

तिसऱ्या सकाळी माझ्या उजव्या मनगटावर वळ होता
आणि डाव्यावरचा रात्रीत विरलेला.
मेकअपवाल्याने डावा रंगवला, आलटा आणि काजळ.
दिग्दर्शकाने दोन्ही निरखले.
डावा खरा वाटतो, म्हणाला,
उजवा तसा करा.

पॅकअपच्या रात्री मी विचारलं,
गासड्यांनाही टोक ठेवायचात का, हसमुखभाई?
दोरी कोपरावर गुंडाळत म्हणाले,
गासडी श्वास घेत नाही, बेन.

व्हाउचरवर सही करायला पेन धरवेना.
प्रॉडक्शनचा पोरगा म्हणाला, अंगठा चालेल.
लावला.

भाग लागला शुक्रवारी.
मी चार सेकंद, मागे, धूसर.
वहिनीचा लगेच फोन, साडी कुठली गं ती?
तेवढ्यात नायक दार फोडून आला,
धापा टाकत गुडघ्यावर बसला,
आणि चाकूने दोरी कापायला लागला,
एकेक पीळ, संगीतासकट.

अरे टोक ओढ ना, मी म्हणाले.
वहिनी म्हणाली, काय?
टोक. तिच्या मुठीत आहे.