बंद घरातल्या पिसवा

एस्पेरान्सा स्विंडनला गेली, आठ महिने झाले.
जाताना घराची किल्ली माझ्या बॉबिनांच्या डब्यात टाकली
आणि वीजबिलाचं सांगितलं, माडांचं सांगितलं,
कुत्र्याचं काहीच नाही.
कापितांव आपणहून माझ्या मशीनखाली येऊन झोपला.

चवथ सरली. दिवाडीवर ओल अजून भिंतींत होती
आणि तो खाजवू लागला,
पाय जमिनीवर आपटत,
सैल पट्ट्याचं मशीन कोणी मारावं तसा.

कडुनिंबाचा पाला उकळला.
पाणी गडद झालं, निवलं, मग ओतलं पाठीवर,
डोळे नि कान सांभाळून.
तो उभा राहिला भर तिंट्यावर
धोतर सुटलेल्या माणसासारखा.
माडाच्या शिरक्यात निम्मं पाणी घालून अंग पुसलं
तर झेफेरीन कुंपणावरून म्हणाला,
सोरपोतेल कधी वाढतोस?
लसूण चार म्हणाला आणखी कोणी.
ती कुत्र्याच्या रक्ताला बाधते. नाही चारली.

मग आईची फणी काढली, उवांची.
चाळीस वर्षं नेढ्यात दोरा ओवणारा डोळा आहे माझा,
पिसू मला चुकवते म्हणजे काय.
मानेवरून, शेपटीच्या बुडाशी,
एक ओढ, एक बुडी साबणाच्या पाण्यात.
फणीत अडकलेली काळी कणी
ओल्या मलमलीवर ठेवली की लाल पसरते:
त्याचंच रक्त, तिने पिऊन टाकलेलं.

तीन दिवस बरा. चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

रात्री त्याच्या मागून गेलो, चपला हातात घेऊन.
एस्पेरान्साच्या मागच्या दाराची फळी कुजली आहे.
तेवढ्यातून तो आत शिरला, सवयीने, पोट घासत.

सकाळी किल्ली काढली.
आत शिंपल्यांच्या खिडक्यांतून दुधट उजेड,
खाटेखाली तिची जुनी चटई, मधोमध कुत्र्याएवढा खळगा.
दोन पावलं टाकली
आणि माझे पांढरे मोजे काळे ठिपके ठिपके झाले.
कोशात दम धरून असतात म्हणे त्या,
महिनोन् महिने, उपाशी,
कोणाच्या तरी पावलाची धग लागेपर्यंत.
बाकी कोण एवढं थांबतं कोणासाठी?

झाडून काढलं सगळं, फटीन् फट, केर जाळला.
चादरी उकळल्या, चटई पाच दिवस उन्हात, उलटसुलट.
संध्याकाळी खाटेजवळ पितळी ताटलीत साबणाचं पाणी
आणि वर, वीतभर उंचीवर, बल्ब.
उबेला भुलून उडी मारतात, बुडतात.

मला सुचलंच नाही बाहेरून कसं दिसेल ते.
सातच्या फेरीतून उतरलेली माणसं थबकली.
झेफेरीन ओरडला, एस्पेरान्सा आयली?
आणि कापितांव
माझ्या पायातून सुटला, पुढच्या दाराकडे,
मागच्या फळीकडे नाही,
आणि पायरीवर बसून शेपटी हलवत राहिला
दाराकडे बघत.
मी आतून दार उघडलं.
त्याने मला हुंगलं, माझ्या मागे बघितलं.

सकाळी ताटलीत तेवीस. दुसऱ्या दिवशी नऊ.
मग चार, मग एक, मग नुसतं पाणी.
दिवा आणखी चार रात्री लावला,
कारण विचारू नका.

महिनाअखेर फोन आला. तिकडे थंडी सुरू झालीय,
ती गोदामात पेट्या भरते, बोटं भेगाळलीत.
मग म्हणाली, बिल जास्त कसं आलं, घर तर बंद?
म्हटलं, पिसवा झाल्या होत्या.
कोणाक?

मी नाव सांगितलं.
पलीकडे कसलंसं यंत्र चालू होतं, तेवढंच ऐकू आलं.
इकडे मशीनखाली, नाव ऐकून,
शेपटी जमिनीवर आपटली, दोनदा.
मी फोन खाली धरला.