हातचा

मोखोत्लोंगच्या वर, जिथे जीपचा रस्ता संपतो
आणि घोड्याची वाट लागते,
तिथलं घर क्रमांक सतरा.
मासेरूच्या यंत्राने डोळे मिटून काढलेली चिठ्ठी.
टॅब्लेट मी ब्लँकेटच्या आत धरला होता, पोटाशी,
इथल्या थंडीत बॅटरी तान्ह्यासारखी निजते.

आधी यादी.
काल रात्री या घरात कोण कोण झोपलं?
मी, बाई म्हणाली. सासू. लिसेबो, चौदाची. धाकटी, सहाची.
तुमचं नाव?
मात्सोतेलो.

टाइप करता करता बोट थांबलं.
लग्नानंतर आमच्यात बाईचं नाव मागे पडतं,
पहिल्या लेकराच्या नावाला 'मा' लावून तिला हाक मारतात.
मात्सोतेलो, त्सोतेलोची आई.
यादीत त्सोतेलो नाही.

तो वर असतो. तिने हनुवटीनेच डोंगर दाखवला.
दुसऱ्याच्या मेंढ्यांमागे, आठव्या वर्षापासून.
वर्षाची मजुरी एक गाय.
खाली येतो का कधी?
बूट फाटले की येतो.

काल इथे झोपला नाही, म्हणजे या घरचा नाही.
व्याख्या पान नऊवर आहे, नव्या पोरींना मीच शिकवते.
शिवाय हे गाव मुलींच्या वाटणीचं.
मुलग्यांना विचारायचं ते गाव खिंडीपलीकडे.

टॅब्लेटने लिसेबो निवडली.

गुरांच्या दगडी आवाराआड बसलो आम्ही,
हाक ऐकू यावी, बोलणं नाही, एवढ्या अंतरावर.
पट्ट्याने, काठीने, चाबकाने कुणी कधी?
एकदा, थोड्या वेळा, पुष्कळदा?
तिने विचार केला, गणिताच्या तासाला करतात तसा.
"एका माराला एक धरायचं, की एका दिवसाला?"
मला पान आठवेना.

त्याच्या पुढच्या प्रश्नाला
ती दगडावरचं शेवाळ नखाने खरवडत राहिली.
बराच वेळ.
तेवढ्यात आजी शेणी न्यायला आली
आणि मी, शिकवल्याप्रमाणे, आवाज न बदलता:
जेवणाआधी हात कशाने धुता?
साबणाने, लिसेबो म्हणाली. तिचाही आवाज बदलला नाही.
साबण नव्हता त्या घरात.
मला हे शिकायला तीन आठवडे लागले होते,
मासेरूच्या हॉटेलात, दोन वेळच्या चहासकट.

आता रामोखेले हीटरपाशी बसून वजनं देतो.
लिसेबोचं वजन सहाशे अकरा पूर्णांक अडतीस शतांश.
ती हो म्हणाली की सहाशे अकरा मुली हो म्हणतात,
आणि वर अडतीस शतांशाची आणखी एक.
तिला तोंड असेल का पुरतं, मी विचारते.
रामोखेले भला माणूस, चहा ओततो.

त्सोतेलोला शून्यसुद्धा नाही.
शून्याला निदान एक चौकट लागते.

आहे तो फक्त संमतीपत्रावर.
तिथे त्याच्या आईने सही केली, सावकाश,
पेन्सिल धरावी तसं पेन धरून,
आणि तिच्या नावाच्या आत तो आला. त्सोतेलो.
आमच्या बोलीत याचा अर्थ, दखल.
संमतीपत्रं उत्तरांपासून वेगळी ठेवतात, कुलपात,
आणि पाच वर्षांनी जाळतात.
नियम चांगला आहे. मुलींच्या भल्यासाठीच आहे.

त्या संध्याकाळी उतरताना
समोरच्या उतारावर मेंढ्या दिसल्या आणि मागे एक ठिपका,
ब्लँकेट पांघरलेला. तोच असेल असं नाही.
शाळेत बाई ओरडायच्या, हातचा विसरलीस,
डोक्यावर बारीक लिहून ठेव म्हणायच्या, मग मिळव.
कुठे मिळवायचा ते या बेरजेत सांगितलेलं नाही.

मी मूठ मिटली. हातचा एक.
घोड्याचा पाय घसरला तेव्हा
लगामाला दोन्ही हात लागले.