पाच गुणांचा प्रश्न

रोममधील गुलामांचे उठाव का झाले, का फसले?
सगळ्यांनी मी सांगितलेलंच लिहिलंय:
एकजूट नव्हती. शिस्त नव्हती. फौज बलाढ्य होती.
साडेतीन. साडेतीन. चार.
नाना पेठेतलं रात्र महाविद्यालय, सव्वाअकरा,
ट्यूबलाइट एका टोकाला काळी पडलेली.

निवृत्ती रेणुसेच्या पेपरला भोसरीच्या ग्रीसचा वास.
तो लिहितो:

सर, भुकेनं उठाव होत नाही. भूक रोजचीच.
ते सत्तर-पंच्याहत्तर जण निघाले
ते स्वयंपाकघरातल्या सुऱ्या उचलून.
म्हणजे कांदा चिरता चिरता कुणीतरी
सुरीकडे जरा जास्त वेळ बघितलं असणार.
डोंगरावर कोंडले, तर रानवेलींचे दोर वळून उतरले.
आमच्या वेल्ह्याची माणसंही उतरतील.
पुढं उत्तरेची वाट मोकळी झाली, पलीकडं घर,
आणि ते माघारी फिरले.
का, ते पुस्तकात नाही.
मला वाटतं, बऱ्याच जणांचा जन्मच मालकाच्या गोठ्यातला.
कुठल्या गावाला जाणार?

तुम्ही एकदा जाता जाता बोललात,
परीक्षेला नाही म्हणून कुणी उतरवून घेतलं नाही:
रोमच्या सभेत निघालं, गुलामांना वेगळे कपडे द्या.
लगेच कुणीतरी सावध झालं.
नको, ते एकमेकांना मोजतील.

सर, आमच्याकडं कायमवाल्यांना पांढरं हेल्मेट,
कंत्राटी लोकांना पिवळं.
भोंगा झाला की गेटवर नुसता झेंडूचा बाजार.
तरी साहेब घाबरत नाही.
आम्ही चार ठेकेदारांचे, हजेरी चार वह्यांत,
मोजत थांबलं तर सहा-दहाची बस जाते.

शेवटी सहा हजार खांब, प्रत्येकावर एक माणूस.
पुण्याहून नाशकापर्यंत पुरतील एवढे.
नुसत्या फसलेल्या गोष्टीसाठी
एवढं लाकूड कोण तोडतं, सर?

इथं पान संपलं. पुरवणी त्यानं घेतली नाही.

नमुना उत्तराशी काहीच जुळत नाही.
मुद्दे नाहीत, सनावळी नाही.
लाल पेन उघडंच राहतं हातात.

मी तासिका तत्त्वावर. सातवं वर्ष.
मानधन मार्चचं जुलैत.
समासात बारीक रेघा मारू लागतो,
गुण नव्हेत:
भूगोलाच्या मुल्ला मॅडम, एक.
अर्थशास्त्राचा खिलारे, दोन.
सकाळच्या सत्रातले ते दोघं,
ज्यांची नावंही मला माहीत नाहीत...

सातवर येतो
तोच शिपाई दारात किल्ल्या वाजवतो.