विम्यासाठी

हर्णैच्या बंदरात लिलाव सरत आला होता.
मी घोटाभर चिखलात वाकून
मावळत्या सूर्यापुढे एक होडी बसवत होतो.

"तिकडं काय काढतोस? हिचा काढ,"
चांगुणा पावसे म्हणाली,
रिकामी पाटी कललेल्या नावेकडे करत.
"नंबर नीट येऊ दे. नि ही फट.
वाटते सुपारीएवढी, पण बघ."
आणि तिने हात घातला,
कोपरापर्यंत.

उजेड सगळा चुकीच्या बाजूला.
फ्लॅश मारला.
पांढराफटक, सपाट, सरकारी फोटो:
नंबर, फट, बांगड्या, कोपर.

"हात नको त्यात," ती म्हणाली,
"साहेब हसतील. दुसरा काढ."

तोवर सूर्य गेलाच होता.

रात्री दापोलीच्या स्टँडवरून
तिच्या भाच्याच्या नंबरावर
दुसरा पाठवला.