भिंतीवरचे

हारेन गावात, प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर,
एक लिटरच्या काचेच्या भांड्यात
साखरेचं पाणी थेंबाथेंबानं पडतं.
थेंबे थेंबे तळे साचे म्हणायची सोय नाही:
वरून जेवढं येतं
तेवढंच बाजूच्या नळीनं जातं,
आणि जाताना भांड्यातले जीवही
सोबत घेऊन जातं.

सीत्स्के हूकेमा पंप ऐकते.
टक्. मग बराच वेळ काही नाही. टक्.
तिला घड्याळ लागत नाही.

नियम एवढाच, नव्या पोरांना ती सांगते:
सात तासांत एकाचे दोन व्हा,
नाहीतर नळीत जा.
शिक्षा नाही ही. नुसता उतार आहे.

पहिल्या आठवड्यात सगळ्या सारख्या.
साखर इतकी कमी, की मोजायचं यंत्र
शून्य दाखवून गप्प बसतं.
मग कधीतरी, विसाव्या दिवसाच्या आसपास,
कुणा एकीच्या अंगावरची दारं
जरा रुंद निघतात.
दुसरी, साखर आत ओढणाऱ्या हाताची
नक्कल करून ठेवते,
पुढे नकलेचीही नक्कल.
तिसरी पहारेकरीच काढून टाकते,
थंडी, आम्ल, उपास यांच्यासाठी नेमलेले,
बसून खाणारे,
आणि त्यांच्या वाटणीचं वाढण्यात घालते.
उद्या कुणी व्हिनेगर ओतलं तर मरेल.
उद्याचं उद्या.

आणखी एक आहे.
ती साखरेच्या भानगडीत पडत नाही.
घाईनं जेवणाऱ्यांच्या ताटाबाहेर
जे आंबट सांडतं, त्यावर तिचं भागतं.
थाळीवर तिचे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे,
मोजायला सीत्स्केला दुसरा चष्मा लागतो.
ती कुरकुर करत मोजते
आणि एकही सोडत नाही.

येल्मर आला, फोल्कर्ट आला,
लिस्बनचा तो शीळ घालणारा आला.
दोन वर्षांचा करार,
मग तीन महिन्यांची मुदतवाढ,
मग निरोपाचा केक, कागदी बशीत.
सीत्स्के एकेचाळीस वर्षं इथे.
लेखांच्या शेवटी, आभारात, कधीकधी तिचं नाव येतं,
एकदा चुकीच्या स्पेलिंगनं.

प्राध्यापकांचा राग फक्त एकाच जातीवर:
काचेला चिकटून बसणाऱ्या.
वाढोत न वाढोत, त्या वाहून जात नाहीत,
सगळं गणित बिघडवतात.
म्हणून दर तीन आठवड्यांनी नवं भांडं.
शेवटचे दोन महिने कुणी आठवण केली नाही.
तिनंही बदललं नाही.

फेब्रुवारीत अनुदान संपलं. दिवस दोनशे सतरा.
पंप बंद करायला प्राध्यापक स्वतः आले,
बटण सापडेना.
तिनं दाखवलं.

मग ऐकू आल्या बाहेरच्या सायकलींच्या सीटवर
पडणाऱ्या गारा.

भांडं धुवायला घेतलं तेव्हा
पाण्याच्या रेषेवर एक पिवळसर कडं होतं,
हातमोज्यातूनही बुळबुळीत.
तिनं ब्रश उचलला. खाली ठेवला.
काडीनं थोडं खरवडून कुपीत घेतलं,
वर ग्लिसरॉल,
आणि पेन्सिलीनं लिहिलं:
२१७. भिंतीवरचे.

उणे ऐंशीच्या कपाटात, यादीत नसलेल्या खणात,
जुन्या बर्फाच्या मागे ती कुपी सरकवली.
मग दिवा.
मग सायकलचं कुलूप,
जे या थंडीत
पहिल्या झटक्यात कधीच उघडत नाही.